सुपारीएवढा पार्ट

कंपनीचे चौघं आले नागपूरहून, काचा वर करून.
विचारते, खेरडेजींची बेलमोरा इथंच उभी आहे ना?
म्हटलं, उभी नाही साहेब, बसून हाये.
एकशेबारा दिवस झाले.

बेनोडा फाट्यावर, टिनाच्या सावलीत, काळी गाडी.
बॉनेटवर पोतं, पोत्यावर बकरीचं पिल्लू.
पिल्लाले चटका बसू नये म्हणून पोतं,
अन् गाडीले खूर लागू नये म्हणूनही.
चाळीस वर्षं लोखंडाशी बोललो,
एवढं गुळगुळीत लोखंड कधी माह्या दारात नव्हतं.

मोठे साहेब पान्ह्यांच्या पेटीवर लॅपटॉप उघडून बसले.
म्हणे, आमच्या ब्रँडची प्रतिमा थोडी मळली आहे,
खप दोन वर्षांपासून घसरतो,
आता नवं चिन्ह, नवा रंग, नवं घोषवाक्य,
शोरूमात चंदनाचा वास.
प्रतिमा म्हणजे आमच्याकडं भिंतीवरची,
हार घातलेली.
मी बोललो नाही. चहा सांगतला.

मग त्यायनंच विचारलं, इथले लोक काय म्हणतात?

ऐका.
आंबिया बहार चांगल्या भावानं गेला त्या साली
खेरडेजींनी गाडी आणली.
शेंदूरजन्याच्या संत्रा मंडीसमोर उभी केली
तर दिल्लीचे व्यापारी दोन हातांनी हात मिळवत.
पोरं काचेत पाहून भांग पाडत.
खेरडेबाई चढताना चपला हातात घेत.
मग मोर्शी रोडच्या रपट्यावर खालून ठोका बसला,
सुपारीएवढा सेन्सर फुटला,
अन् दोन हजार किलोची गाडी रुसली.
फोन लावला तर बाई म्हणे, तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे,
अन् सतार.
अर्धा तास सतार.
पोरीच्या साक्षगंधाले खेरडेजी
संत्र्याच्या मेटॅडोरमध्ये गेले, क्रेटच्या बाजूले बसून,
कोटाले तणस लागलेलं.

तेव्हापासून आमच्याकडं
दिसाले भारी अन् हलाले तयार नाही
त्याले बेलमोरा म्हणते.
ठमाबाईचा जावई, बेलमोरा.
ग्रामपंचायतीचं पाण्याचं मशीन, बेलमोरा.
सरपंचाचा भाऊ कबड्डीत उतरला, दोन मिनिटं, तोही.
हे तुमच्या लॅपटॉपात हाये का?

तिघं मोबाईल पाहाले लागले.
चौथी, पाळंदे मॅडम, लहान पोरगी,
तिनं वहीत लिहिलं: ठमाबाईचा जावई.
मग पिल्लू उचलून माह्या हातात दिलं,
पोतं जमिनीवर अंथरलं,
अन् पाठीवर सरकत गाडीखाली गेली. पांढरा सदरा.
खालून म्हणे, टॉर्च द्या.
खालूनच सात फोन केले.
सातव्यात कळलं,
पार्ट बुटीबोरीच्या गोदामात हाये,
दीड महिन्यापासून, एका सहीसाठी.
मोठ्या साहेबांनी लॅपटॉप बंद केला.
सही त्यायचीच होती.

तिसऱ्या दिवशी ती एसटीनं आली, डबा मांडीवर घेऊन.
गाडी सुरू झाली.
खेरडेजी आले, इंजिन ऐकलं, म्हणे, बरं झालं,
आता गिऱ्हाईक पाहा.

जाताना तिनं माह्या भिंतीवर खडूनं नंबर लिहिला.
सतारीचा नाही, स्वतःचा.
एका रात्री साडेदहाले मी उगाच लावून पाहिला.
उचलला.
म्हणे, बोला, काय तुटलं?
काही नाही म्हटलं, अन् लाजलो.

त्या गोष्टीले वर्ष होते आता.
आपल्या भागात एक गाडी खपली. एकच.
वरुडच्या डॉक्टरणीनं घेतली,
घ्याच्या आधी येऊन भिंत पाहून गेली.
ठमाबाईचा जावई अजून बेलमोराच हाये,
त्याचा पार्ट कुठून आणाचा.
पावसानं खडूचे आठ अन् तीन पुसट झाले,
म्हणून परवा शेंदरी ऑइलपेंट आणला, आकडे गिरवले,
उरलेल्या रंगानं पिल्लाची शिंगं रंगवली.
पिल्लू कसलं, बकरी झाली ती.