तोंडची वाफ

लमाराबाईंची सही आता कशावरही लागते:
छपराच्या पत्र्यांना, बॉयलरच्या हप्त्याला,
कसरीनं खाल्लेले एकवीस मखमली झगे
निकालात काढायला.
सोमवारी माझ्या वहीत ती उमटते
एका श्वासात, मध्ये पेन न उचलता.
मी इथला हिशेबनीस, झाउरी.
कुतायसीच्या या नाट्यगृहात जे जे मोजता येतं
ते मी मोजतो.

एक गोष्ट राहिली.

त्र्याण्णवचा जानेवारी. शहरात वीज नाही.
रिओनीवरून सुटलेला वारा
थेट तिसऱ्या रांगेत येऊन बसलेला.
तिथंच आम्हीही, कोटासकट, मी आणि आई,
आणि आईच्या मांडीवर रॉकेलचा डबा,
कारण बाहेर ठेवला असता तर गेलाच असता.
रंगमंचावर अकरा कंदील.
व्हायोलिनवाल्यांचे हातमोजे बोटांवर कापलेले.
मग राणी आली,
झग्याखालून लोकरीची विजार डोकावत होती
(मी सात वर्षांचा, मला तेवढंच दिसलं).
तिनं तोंड उघडलं
आणि सूर आधी दिसला, मग ऐकू आला:
पांढरा, लांब,
कंदिलावरून वर वर जाणारा.

उगाच तोंडची वाफ दवडू नये,
आई एरवी मला म्हणायची.
त्या रात्री ती बाई दोन तास
दुसरं काही करत नव्हती,
आणि आईनं रॉकेलचा डबा खाली ठेवला,
टाळ्यांना हात मोकळे हवेत म्हणून.

पुढं घसा बसला, आवाज गेला,
असं गावात सांगतात. गावाला कारण लागतं.
तसं काही झालं नाही.
जुने संचालक किल्ल्यांसकट परदेशी गेले,
वीज कचेरीत भांडायला कुणीतरी हवं होतं,
त्या दिवशी तिला तालीम नव्हती.
दोन तासांत येते, म्हणाली.
ते दोन तास अजून चालू आहेत.

इप्पोलिते म्हातारा झाला, खर्ज हलायला लागला.
चौदा नाटकांत तो तिचा बाप होता,
दोनदा तिनं त्याला विष दिलं होतं, एकदा त्यानं तिला.
निवृत्तीचं पत्र तिनं पोस्टानं धाडलं नाही,
समोर बसवून वाचून दाखवलं.
त्यानं टोपी घातली. दारात थांबला.
"छान वाचलंस, पोरी.
शेवटच्या ओळीआधी श्वास घ्यायला हवा होतास."
त्या दिवशी तिनं मला तीनदा विचारलं
की पेन्शनचा आकडा बरोबर आहे ना.
बरोबर होता. म्हणूनच विचारत होती.

परवा छप्पर पुरं झालं.
बातुमीहून इंजिनिअर आला, कानाला यंत्र लावून.
म्हणाला, आवाज कसा पोचतो बघायचंय,
कुणीतरी मधोमध उभं राहून काहीही बोला.
रखवालदार लाजला. मी बाल्कनीखाली शेवटच्या रांगेत,
खोटं कशाला सांगू, राणीची वाट बघत.

ती चढली. चष्मा शोधला.
पिशवीतून विजेचं बिल काढलं.

ग्राहक क्रमांक: सात. शून्य. शून्य. चार.
मागील थकबाकी.
विलंब आकार.
आकडे एकेक करून येत होते,
आपापली खुर्ची शोधून बसत होते.
एकही उभा राहिला नाही.
अंतिम मुदतीआधी तिनं श्वास घेतला.
बॉयलर बंद होता. डिसेंबर.
तिच्या ओठांपुढं काहीतरी पांढरं
क्षणभर तरंगलं.

इंजिनिअरनं कानाचं यंत्र काढून हातात घेतलं होतं.
काहीच बोलेना.

"तिसऱ्या रांगेत अजून वारा येतो," ती म्हणाली,
चष्मा पुसत.
"झाउरी, पत्रेवाल्याचं बिल थांबव."