मूळ

फेलिक्स्टो बंदर, सकाळचे सात.
वारा असा की छत्री उघडणं म्हणजे स्वतःचं हसं.
कीथ बर्चॉलनं एका रेषेत पेटी चिरली
आणि फणस पिकलाय का बघावं तसा वाकला.
आत शर्ट. पांढरे, साडेपंधराचा गळा,
चौदाशे चाळीस नग, मासेरूहून डर्बनमार्गे.

"शिवलेत तिथेच," तो म्हणाला,
"पण कापड तिसरीकडचं, सूत चौथीकडचं.
करारात बसत नाहीत. बारा टक्के भरा, नाहीतर परत."

आपल्यात म्हणतात,
नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये.
करार दोन्ही विचारतो.
एकशे अठरा पानं, त्यातली एकेचाळीस नुसती मुळाबद्दल:
कापूस कुठे पिंजला, धागा कुठे कातला,
गुंडी कुठली, काजाचा दोरा कुठला.

कीथनं मला विचारलं नाही. सभ्य माणूस.
मीच सांगून टाकलं: जन्म फलटण, शिक्षण ब्रॅडफर्ड,
पासपोर्ट निळा, शिव्या अजून मराठी.
"मग तुमच्यावरही बारा टक्के," तो हसला.

मी आले होते परिणाम मोजायला.
नऊ आठवड्यांचं कंत्राट,
आणि एक प्रारूप, ज्याची पहिली ओळ
'इतर सर्व गोष्टी स्थिर मानल्यास'.
या ओळीवर माझ्या घराचे हप्ते फिटतात.
प्रारूप म्हणतं: विकसनशील भागीदाराच्या कल्याणात वाढ,
शून्य पूर्णांक शून्य चार टक्के.
खरं आहे ते. मी तीनदा तपासलं.

प्रतिसादक क्रमांक दोनशे बारा. लिनेओ.
फोनवर मागून मशिनींची घरघर येईना, म्हणून विचारलं.
करार चांगला होता, म्हणाली. दोन पाळ्या लागल्या,
फ्रिज घेतला, धाकट्या भावाची फी भरली.
मग कारखाना गेला.
कुठे?
"जिथे कापडही विणतात, तिथे."
फ्रिज आहे अजून. वीज तोडलीय.
त्यात ती आता कागद ठेवते,
उंदीर लागत नाहीत म्हणून.

माझ्या प्रश्नावलीत फ्रिजला रकाना होता:
आहे, नाही.
मी 'आहे'वर खूण केली.

ठेवताना तिनं एक विचारलं.
तिच्या देशाला चहूकडून जमीन, समुद्र तिनं पाहिलेला नाही.
एवढ्या कॉलरी पाण्यावरून जातात,
ओल्या नाही होत?

नाही, म्हटलं. आतून प्लास्टिक असतं.

कीथनं एक शर्ट उलटा करून माझ्या हातात दिला.
टीप सरळ, इंचाला चौदा टाके,
फक्त बगलेपाशी जरा उसवून पुन्हा घातलेली.
कुणीतरी तिथे थांबलं होतं.
साहेब बघत नसताना, किंवा बघत असतानाही.
तेवढी जागा मी अंगठ्यानं चाचपली.
तिची नव्हेच ती; ती तर केव्हाची घरी बसलीय.
शक्यता काढायची सवय, एवढंच.

संध्याकाळी खोलीत अहवाल उघडला.
'इतर सर्व गोष्टी' इथवर टंकलं.
खिडकीबाहेर क्रेननं एक पेटी उचलली होती,
धक्क्यावर घ्यायची की परत जहाजावर
हे खाली कुणाचं तरी ठरत नव्हतं,
आणि ती वाऱ्यात हलत होती.