दहा मायक्रोग्रॅम

आखाजीच्या आदल्या दिवशी खोकं अमळनेरला आलं.
जळगावच्या लॅबला कुलूप, म्हणून गेटवरच्या माणसाने
परस्पर माझ्या घरचा पत्ता दिलेला.
लोटन भोईने सही घेतली आणि विचारलं,
ताई, आत काय, मासे?

थर्माकोलच्या आत बर्फाची पिशवी, आता नुसतं पाणी.
त्यात एक कुपी, करंगळीच्या पेराएवढी.
उजेडात धरली तर रिकामी.
सोबतचा कागद म्हणतो, रिकामी नाही,
तळाशी सुकवलेलं काही आहे, न दिसणारं,
उघडण्याआधी फिरवून घ्या.

इंटरल्यूकिन सहा. मानवी.
म्हणजे नकाशा माणसाचा, गवंडी मात्र जंतू:
ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला भाडेकरू.
त्याच्या पोटात आपली एक ओळ सरकवायची,
मग तो रात्रभर तीच लिहीत बसतो
अर्थ न कळता,
शिक्षा झालेल्या पोरासारखा.

घरी लाइट नाही. पारा चव्वेचाळीस.
आशपाक मनियारची कुल्फीची पेटी जनरेटरवर चालते.
मलई आणि ऑरेंजच्या मधे त्याने कुपीची डबी ठेवली,
वर खडूने लिहिलं: खायचं नाही.
कंपनीनेही तेच लिहिलंय, जरा लांबण लावून:
फक्त संशोधनासाठी. माणसांवर वापरू नये.

संध्याकाळी खापर तापलं.
माय मांडा हातांवर फिरवत मोठा करते,
लाटण्याचं काम नाही.
औंदा दुसऱ्याच मांड्याला तिने हात खाली घेतले.
पेरं लाल, कढत, भिजवलेल्या शेंगांसारखी टम्म.
काकू पुढे सरकली. माय भिंतीला टेकली.

खोकामा काय उनं?

तुझ्या बोटांत जे पेटतं ना, त्यातलंच एक.

मंग माले दे ना.

औषध नई, माय. दुखनंच शे.

ती माझ्याकडे बघत राहिली.
इकत लई उनी? कितलाले?

बेचाळीस हजार.

येडी, म्हणाली, आणि हसता हसता
पदरात पिठाचे हात पुसले,
मन्हाकडे फुकट व्हतं.

सुट्टी संपल्यावर जळगाव.
कुपी फिरवली, पाणी घातलं, हात कापत होता
कारण सांडलं तरी दिसणार नव्हतं.
मग प्लेटच्या खळग्यांत उतरत गेले:
पहिल्यात पूर्ण, दुसऱ्यात अर्धं,
त्याचं अर्धं, त्याचंही अर्धं.
दुपारी रंग चढला.
पहिला खळगा हळदीचा, चौथा लिंबाचा,
सातवा कुणी शपथ घातली तर पिवळा.
आठव्यात किती आहे मला माहीत आहे,
माझ्याच हाताने घातलंय.

तेवढ्यात मायचा फोन.
आज काहीच नई दुखत, म्हणाली.

यंत्रही तेच म्हणालं,
आठव्या खळग्याबद्दल.