पात्यावरचं नाव

जालन्याच्या आमच्या देवळात
डाव्या रांगेत, चौथ्या बाकाच्या बरोबर वर
माझा पंखा आहे.
पहिल्या पात्यावर: कै. यादव तुकाराम मघाडे यांच्या स्मरणार्थ.
दुसऱ्यावर माझं नाव, जरा मोठ्या अक्षरात.
तिसरं रिकामं कशाला सोडता, पेंटर म्हणाला,
तेव्हा मी सांगितला
मोंढ्यातल्या बियाण्याच्या दुकानाचा नंबर.

पंखा फिरतो तेव्हा यातलं काहीच दिसत नाही.
नुसता वारा येतो.
हे मला सात वर्षं कळलं नव्हतं.
कळलं ते एका पोरामुळं.
एप्रिलचा रविवार, अर्पणाची थैली फिरत होती,
लाइट गेली, पाती हळू होत होत थांबली,
आणि आईच्या मांडीवरून मान वर करून
ते अक्षरं लावत वाचायला लागलं:
सि... ला... स...
आई, हे नाव लाइट गेल्यावरच येतं का?

मंडळी हसली. मीही हसलो.
सदरा पाठीला चिकटला होता.

बुधवारी मिशन दवाखान्यात गेलो,
पंधरा चादरी घेऊन
आणि फोटो काढायला पुतण्याला घेऊन.
याच दवाखान्यात माझ्या बापानं
एकतीस वर्षं रोग्यांची भांडी उचलली.
घरी आला की हातांना फिनेलचा वास यायचा,
त्यानं मोडून दिलेला भाकरीचा तुकडा
मी ताटाच्या कडेला सारून ठेवायचो.
(पात्यावर हे लिहिलेलं नाही.)

पुरुषांच्या वॉर्डात वीज नव्हती.
जनरेटर फक्त ऑपरेशनपुरता.
एस्तेर आया एका म्हाताऱ्याला वारा घालत होती
जुन्या एक्स-रेनं.
त्याच्या तोंडापुढं कुणाच्या तरी बरगड्या
वर-खाली, वर-खाली.
मला म्हणाली, धरा जरा,
सात नंबरचं अंथरूण बदलायचंय.
मी कोण, विचारलं नाही.

धरलं.
पाच मिनिटांत मनगट भरून आलं.
दहाव्या मिनिटाला, खरं सांगतो,
मी दाराकडं बघितलं,
पुतण्या कुठं राहिला म्हणून.
फोटो चांगला आला असता.

कुणी आलं नाही.
म्हाताऱ्यानं डोळे उघडले.
मघाडेशेठ, हात बदला की.
एकाच हातानं किती वेळ घालताव?

मला ओळखता?

तुमची पोती उतरवली, एकोणीस साल.

एकोणीस साल मी त्याला
ए म्हणत होतो.
ए, इकडं ठेव. ए, सावकाश, फाटंल.
नाव विचारलं.
मुनाफ, म्हणाला. शेख मुनाफ, बदनापूरचा.
एवढ्यानंच दमला, डोळे मिटले.

हात बदलला.
डाव्याला जमेना.
उजव्यानं आजवर काय केलं
त्याला काही माहीतच नव्हतं,
बिचाऱ्याला पहिल्यापासून शिकावं लागलं.

साडेचारला लाइट आली.
वॉर्डातला पंखा कुरकुरत फिरायला लागला.
कुणी दिलाय, म्हणून मी वर बघितलं.
दिसलं नाही.
एक्स-रे उशाशी ठेवायचा राहून गेला,
मी तसाच वारा घालत बसलो होतो,
एस्तेर आया म्हणाली, आता ऱ्हाऊ द्या.

मुनाफ पुढच्या आठवड्यात घरी गेला,
की नेला, ते मी विचारायला हवं होतं.
दुकानात गर्दीचे दिवस होते.

नाताळाच्या आधी देवळाच्या रंगकामाला
तोच पेंटर आला.
साहेब, अक्षरं फिकटली, एक हात मारू का?
मी खाली शिडी धरून उभा होतो.
सगळंच पुसून टाक, असं म्हणायला
तोंड उघडलं,
झालं नाही.
म्हटलं, नंबर तेवढा पुस.
आणि बेअरिंगला तेल घाल बाबा,
लई आवाज करतो.