कुंभारीण

पंपावर नोझल पुन्हा कट.
दोन लिटर, कट. शंभर मिली, कट.
मागे रिक्षांची रांग, हॉर्न,
आणि पंपावरचा पोरगा म्हणतो,
काका, टाकी श्वास घेईना तुमची.

डॅशबोर्डवर पिवळं इंजिन महिनाभर पेटलेलं.
सर्व्हिस सेंटरचं एस्टिमेट साडेसहा हजार.
नाना पेठेत हकीमुद्दीननं चष्मा कपाळावर सरकवून
जुना नंबर दोनदा वाचला,
आतून एक डबी आणली, मुठीएवढी.
व्हेंट व्हॉल्व्ह. अठराशे. लावायला काय, दोन बोल्ट.
दोन बोल्ट म्हणणारा माणूस
कधी गाडीखाली गेलेला नसतो.

रविवार. केशवनगर. भट्टी थंड.
चाकांना विटा लावल्या, बॅटरीची वायर काढली,
खाली अंथरला गेल्या वर्षीचा फ्लेक्स
आणि भावी नगरसेवकाच्या हसऱ्या तोंडावर
पाठ टेकून मी आत सरकलो.
शेजारी तेजल, मोबाइलचा टॉर्च धरून.

हे टाकीचं पोट. हा डबा, यात कोळसा.
पेट्रोलची वाफ पिऊन धरून ठेवतो,
इंजिन मागेल तेव्हा देतो.
आणि ही हवेची वाट.
कोळसा? भट्टीतला?
तसलाच. जरा शिकलेला.

ती हसली नाही.

पहिला बोल्ट निघाला.
दुसरा गंजून एक झालेला.
तेल सोडलं नि थांबलो.
थांबण्यात ती म्हणाली,
मी दिवाळीपासून क्लासला जात नाही.

टॉर्च हलला नाही.

मग जातेस कुठे?
पास आहे ना पीएमपीचा.
कात्रजला जाते, तीच बस धरून परत येते.

चाळीस हजार भरलेत.
माठामागे वीस सुटतात, म्हणजे दोन हजार माठ.
हा हिशेब मी करत नाही, तो होतो.
दहा नंबरचा पाना पुन्हा बसवला,
सगळा राग मनगटात आणला,
आणि बोल्ट सुटला, लोण्यातून सुटावा तसा.
राग तिथेच राहिला, हातात,
त्याला लावायला दुसरा बोल्ट नाही.

वायरची क्लिप तुटली. तुटणारच होती.
व्हॉल्व्ह ओढला तशी डोळ्यात माती.

माती?

नळीच्या तोंडाशी घर.
बोटाएवढ्या दोन खोल्या, गिलावा केलेला,
एकीत हिरव्या अळ्या, मेलेल्या नाहीत, बधिर,
आणि त्यांच्यात कुणाचं तरी पांढरं पोर.
कुंभारीण, मी म्हणालो.
चिमूट ओली करून चोळली.
बारीक, चाळलेली, खडा नाही.
आमच्याच ढिगातली.
पहाटे मी तुडवतो ती,
बाप तुडवायचा ती.
चोरटी, तेजल म्हणाली,
आणि आता हसली, नाकातून.

नळी तारेनं साफ केली.
नवा व्हॉल्व्ह बसवण्याआधी म्हटलं, फुंक.
तिनं तोंड लावून फुंकलं.
हवा आरपार गेली, माझ्या कानाशी आली.
वीज नसली की हा उघडा असतो.
वीज आली की मिटतो, थोडा वेळ,
गळती कुठे आहे ते बघायला.
क्लिपच्या जागी केबल टाय, करकचून.
हकीमुद्दीनला सांगू नये असं काम, पण झालं.

घर तिनं फुटक्या माठाच्या खापरात ठेवलं,
भिंतीवर, उन्हाची तिरीप येते तिथे.
एक खोली फुटली होती. ती तिनं
ओलं बोट फिरवून लिंपली.
बोट बरं फिरतं तिचं. मी बोललो नाही.

संध्याकाळी पंपावर दोघं.
नोझल लागलं, आणि धार सुटली,
चार, सात, अकरा लिटर,
ती आकडे मोठ्यानं वाचत होती.
पंपावरच्या पोरानं अंगठा दाखवला.

मुंढव्याच्या पुलावर विचारलं,
मग करणार काय तू?
खिडकीची काच तिनं खाली केली.
बघू, म्हणाली.
आईला?
तुम्ही सांगा.

पिवळं इंजिन अजून पेटलेलंच.
जाईल चार-पाच फेऱ्यांनी,
गाडीला आधी खात्री पटावी लागते,
असं म्हणाला होता हकीमुद्दीन.