वाकळ, किंवा ज्या नावानं तुम्ही शोधाल

उदगीरला, चौबाऱ्याच्या खालच्या अंगाला
पीठगिरणीच्या माडीवर आमचं दुकान,
दार नसलेलं.
खाली ज्वारी दळते, वर लॅपटॉप थरथरतो,
कीबोर्डच्या फटींत पीठ बसतं,
स्पेसबार फुंकून घ्यावा लागतो दर दोन दिवसाला.

एकवीस वाकळा टाकल्या होत्या साइटवर.
गच्चीवर, सकाळच्या उन्हात फोटो काढून.
वर नाव दिलं : वाकळ. वाकळ. वाकळ.
दोन महिने कुणी फिरकलं नाही.
एकच आला, देगलूरचा,
वडलांचा खुबा मोडलेला,
त्याला वॉकर पाहिजे होता.

मग कळायला लागलं.
पुण्याचा माणूस गोधडी लिहितो,
बंगळुरूचा हॅन्डमेड क्विल्ट,
आणि कुणा बाळंतिणीची बहीण, रात्री दीड वाजता,
बाळासाठी मऊ सुती पांघरूण मशीनमध्ये धुता येणारं.
महिन्याला किती जण वाकळ शोधतात?
तक्त्यात शून्यसुद्धा नव्हतं, आडवी रेघ होती.
शून्य द्यायला निदान मोजावं तरी लागतं.

जैतूनबीला सांगितलं, भीत भीत.
ती सुईत दोरा ओवत होती, वर बघितलं नाही.
"सासरी मला मुन्नीची माय म्हनतेत.
तवा मी काय येत न्हाई का?"

बसले मग.
हाताने शिवलेली सुती गोधडी, डबल बेड, निळी-लाल.
आठ एमबीचे फोटो दाबून दाबून हलके केले,
टाके पुसट व्हायच्या आत थांबले.
एकच वर्णन सगळ्या पानांवर चालत नाही म्हणे, यंत्र नक्कल धरतं.
इथं आमचं बरं होतं,
एकीसारखी दुसरी शिवायची म्हटलं तरी
तेवढी सारखी जुनी लुगडी आणायची कुठून?

जैतूनबीचा भाचा अन्वर म्हणाला,
पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत गोधडी गोधडी शंभरदा लिही,
गिऱ्हाइकाला दिसत नाही, यंत्राला दिसतं.
जैतूनबी हसली. "उसवल्यावर दिसतंयच की रे."

यंत्राला चित्र दिसत नाही.
फोटोखाली लिहून सांगावं लागतं त्यात काय आहे.
चौदा नंबरला ती शेजारी येऊन बसली, सांगत गेली :
मधी हिरवं इरकल, ते कोंडाबाईचं.
कडंला खाकी, पोराच्या शाळंची, सातवीपर्यंतच गेला.
हा पिवळा तुकडा हळदीचा, येकदाच नेसलेला,
पुढचं इचारू नको.
मी म्हटलं, एवढं लांब चालत नाही त्याला.
"मग ते आंधळं हाय का बहिरं?"

मी लिहिलं : हिरवी, खाकी आणि पिवळी गोधडी, जवळून.
आणि पानाच्या अगदी तळाशी, सवयीनं म्हणा,
आमच्याकडं हिला वाकळ म्हणतात.

दिवाळीपर्यंत अकरा गेल्या.
चौदा नंबर गेली ठाण्याला,
घेणारीनं विचारलं, पिवळा रंग जाणार नाही ना.

परवा अहवाल उघडला. त्रेचाळिसाव्या ओळीत
कुणीतरी लिहिलेलं होतं
आईच्या लुगड्याची वाकळ
दिसलं : एक. क्लिक : शून्य.
कुठून, ते येत नाही. बाई का माणूस, ते येत नाही.
उंबऱ्यापर्यंत येऊन कुणी माघारी गेलं,
एवढंच.

जैतूनबीला वाचून दाखवलं.
तिनं सुई ब्लाउजला टोचून ठेवली.
"त्येच्याकडं लुगडं आसंल," म्हणाली.
"शिवणारं पायजे आसंल."

हे मला सुचलंच नव्हतं.
विकायचं पान नव्हे ते, शिवून द्यायचं.
तुमचं कापड पाठवा. मजुरी इतकी. दिवस इतके.
नवं पान उघडलं, वरच्या चौकटीत
त्या माणसाचेच शब्द टाइप करायला घेतले,
खाली गिरणी सुरू झाली,
स्पेसबार पुन्हा अडकला :

आईच्यालुगड्याचीवाकळ