बरणी क्रमांक एकोणीस

सोहारच्या बंदरामागे, जिथून पाइपांचा रंग जांभळा होतो
(जांभळं म्हणजे पिऊ नका, फक्त झाडांना),
तिथली माती माझ्याकडे काचेच्या बरणीत येते.
शंभर ग्रॅम. झाकण घट्ट.
आत एक कुपी, तिच्यात क्षार,
मातीनं सोडलेला श्वास धरून ठेवायला.
सात दिवसांनी कुपीत दोन थेंब टाकतो, ती गुलाबी होते.
मग आम्ल, थेंबाथेंबानं, गुलाबी जाईपर्यंत.
उलटा हिशेब: आम्ल जितकं कमी लागलं
तितका श्वास जास्त.

मोतालेब फावड्यानं ही माती काढून आणतो.
दारातूनच विचारतो, जिंदा है?
पहिल्या वर्षी मी म्हणालो होतो, जिंदा काय, जोरात आहे!
विहिरीच्या पाण्यावरल्या मातीपेक्षा दुप्पट.
खूश होऊन त्यानं मला दोन लिंबं दिली.

धाप म्हणजे काय
हे मला तेव्हा कळत नव्हतं.

श्वास मोजला, श्वास घेणारे मोजलेच नव्हते.
ते उरले होते पाव हिस्सा.
तांबं, जस्त, मीठ आणि नाव नसलेलं काहीतरी फेसाळ
रोज संध्याकाळी साडेसहाला झडपेतून येतं.
त्याच्याशी झुंजण्यातच त्यांची भाकरी संपते,
वाढायला, वाढवायला काही उरत नाही.
मग ते जुनं खातात.
खजुराच्या मुळांनी, बकऱ्यांच्या लेंड्यांनी,
खल्फानच्या पणजोबांनी मुरवलेला काळा कर्ब,
ठेव मोडून रोजचा बाजार.
थोडा माझ्या कुपीत अडकतो, बाकी हवेत.

वरून झाडं हिरवीगार. पाण्यात नत्र आहे ना.
खल्फान म्हणतो, पाइप बरा, विहीर खारी झाली.
झालीच आहे खारी. त्याला मी काय सांगू?

परवा मोतालेबनं लोणच्याची बरणी आणली, घासून धुतलेली.
कुंपणाबाहेरच्या घाफखालची माती.
घाफ म्हणजे आपली शमी,
हे मला इथं तीन वर्षं काढल्यावर शेंगांवरून कळलं.
पांडवांनी शस्त्रं ठेवली ते झाड.
तिथवर पाइप पोचलेला नाही.
म्हणाला, आई दही लावते तसं
यातला एक चमचा त्यात घालून बघू.
मी म्हटलं, विरजणाला दूध तरी धड लागतं रे.
तो म्हणाला, एकच चमचा.

बरणी क्रमांक एकोणीस. वहीत तिला रकाना नाही.
बाकीच्यांपासून लांब, खिडकीपाशी ठेवलीय.
त्या सगळ्यांना ओल्या नाण्यांचा वास येतो.
हिला, चमचा घालताना, दुसराच आला होता.
कसला, ते लिहायला माझ्याकडे एकक नाही.

आज चौथा दिवस.
साडेसहाला बाहेर झडप उघडल्याचा आवाज होतो.
मी उगाच तिचं झाकण आणखी थोडं आवळतो.